आर्टच्या हसण्याला आवाज नाही

२०२२ च्या ऑक्टोबरात इकडे अमेरिकेत 'टेरिफायर २' हा हॉरर पिक्चर लागला आणि थोड्याच दिवसांत बातम्या सुरू झाल्या. थिएटरात लोकांना भोवळ येतेय, कुणाला उलट्या होतायत, कुठेतरी म्हणे अँब्युलन्स बोलवावी लागली. मग नेहमीची भांडणं लागली, म्हणजे एका बाजूने "असले पिक्चर काढणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना दोघांनाही डॉक्टरकडे न्या" आणि दुसऱ्या बाजूने "एवढ्याशाने चक्कर येते तर आलात कशाला, घरी बसायचं". मला ह्या दोन्ही बोलण्यांचा राग येतो, सारखाच येतो, आणि तो का येतो ते नीट सांगायचंय म्हणून लिहायला बसलेय, जरा लांबेल.

मी हॉरर बघणारी बाई आहे आणि लहानपणापासून आहे. साताऱ्याला रामसे मंडळींचा 'झी हॉरर शो' लागायचा तेव्हा आम्ही चुलत भावंडं गोधडी नाकापर्यंत ओढून बघायचो. त्या भुतांचे मुखवटे रबराचे आहेत हे आम्हाला कळायचं, मानेपाशी कड दिसायची, तरी पोटात गोळा यायचा तो यायचाच. तेव्हापासून मला हाताने बनवलेल्या भुताचं फार वाटतं. कुणीतरी रात्री जागून ते रबर ओतलंय, रंगवलंय, आपण घाबरावं म्हणून एवढी मेहनत केलीय, हे दिसलं की मी त्या माणसाला माझी दोन तासांची भीती आनंदाने देते.

डेमियन लिओनी हा तसा माणूस आहे. टॉम सविनीचं मेकअपचं काम बघत मोठा झालेला. 'टेरिफायर २' त्यानेच लिहिला, दिग्दर्शित केला, एडिट केला, आणि त्यातल्या जखमा, कापलेले अवयव, चिरलेले चेहरे ह्यावरही स्वतःचा हात चालवला. त्याचा तो काळा-पांढरा, तोंडातून शब्द न काढणारा विदूषक, आर्ट, २००८ च्या एका शॉर्ट फिल्ममध्ये पहिल्यांदा दिसला, मग आणखी एक शॉर्ट, मग २०१३ ची 'ऑल हॅलोज इव्ह', मग २०१६ चा पहिला 'टेरिफायर'. म्हणजे दुसऱ्या भागाला गर्दी झाली ती एका रात्रीत झालेली नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की दुसऱ्या भागासाठी लिओनीने लोकांकडेच पैसे मागितले. इंडिगोगो ह्या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर २०१९ मध्ये त्याने पन्नास हजार डॉलर्सचं टार्गेट ठेवलं, तेही एका मोठ्या खर्चिक सीनसाठी, आणि लोकांनी दोन लाखांच्या वर दिले! सगळा पिक्चर झाला तो जेमतेम अडीच लाख डॉलर्समध्ये, मध्ये कोरोना आला, शूटिंग रखडलं, तरी झाला. जे लोक विचारतात ना की हे असलं बघायला जातं तरी कोण, त्यांना उत्तर हे आहे की ज्यांनी पिक्चर व्हायच्या आधीच खिशात हात घातला होता ते जातात.

आणि मग बाकीचेही गेले. मोठ्या पिक्चरांचं गणित असं की पहिल्या वीकेंडला धंदा होतो आणि दुसऱ्याला तो निम्म्यावर येतो. ह्याचं उलटं झालं. पहिल्या वीकेंडला आठ लाख डॉलर्स, दुसऱ्याला दहा लाख, तिसऱ्याला एकोणीस लाखांच्या जवळपास. थिएटरं वाढत गेली. शेवटी जगभरचा गल्ला दीड कोटी डॉलर्सच्या आसपास गेला. हॉरर कादंबऱ्यांवाल्या स्टीफन किंगने ट्वीट करून कौतुक केलं, की जुन्या पद्धतीने किळस आणणारा पिक्चर आहे म्हणून. हे सगळं जाहिरातीच्या पैशाने होत नाही, एवढे पैसे त्यांच्याकडे नव्हतेच. एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि काय सांगितलं तर "शेजारचा माणूस उठून गेला".

आम्ही गेलो ते बरोबर त्या तिसऱ्या वीकेंडला. इकडे न्यू जर्सीत घरोघरी दिवाळीची गडबड, धनत्रयोदशी होती, घरी चकल्यांचा घाणा चालू, सासूबाई भारतातून आलेल्या. नवरा असल्या पिक्चरला कधीच येत नाही, त्यामुळे माझ्याबरोबर धाकटा दीर आला. त्याला बाहेर काढायला मला फार बोलावं लागलं नाही, कारण त्याच्या ऑफिसात सगळे त्याच पिक्चरबद्दल बोलत होते.

हॉल भरलेला होता. कॉलेजची पोरं, एक दोन आर्टचा मेकअप करून आलेले, आमच्या पुढच्या रांगेत साधारण साठीचं एक जोडपं, पॉपकॉर्नचा मोठा टब मांडीवर. सुरुवातीलाच लॉन्ड्रीतला सीन येतो. आर्ट रक्ताने भरलेला ड्रेस मशीनमध्ये टाकतो आणि धुऊन होईपर्यंत अंगावर काहीच नाही अशा अवस्थेत बाकावर बसून निवांत पेपर वाचतो. मग त्याला समोर एक छोटी फिकट मुलगी दिसते, तिच्याशी तो टाळ्यांचा खेळ खेळतो, आणि तिथे झोपलेला एक माणूस जागा होऊन बघतो तर त्याला ती मुलगी दिसतच नाही, हा विदूषक एकटाच हवेत टाळ्या देतोय. हॉल खदखदून हसला. मीही हसले. पुढे कॉश्च्युमच्या दुकानात आर्ट एकेक चित्रविचित्र चष्मे डोळ्यांवर चढवून नायिकेकडे, सिएनाकडे, बघत राहतो, ती घाबरून गोठलेली, आणि तो सूर्यफुलाचा चष्मा घालून हसतोय. पुन्हा हॉल हसला.

हे हसणं मला नीट सांगायचंय, कारण बाहेरच्या लोकांचा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच असतो. माणसं मरतायत आणि हे हसतायत. पण बघा, डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटन हा जो आर्ट करतो, तो सगळं मूकाभिनयाने करतो. आर्ट हसतो तेव्हा तोंड उघडतं, खांदे हलतात, पोट धरतो, मागे रेलतो, आणि आवाज शून्य. किंकाळी सुद्धा नाही, त्याला लागलं तरी नाही. त्यामुळे पडद्यावर तो हसतो तेव्हा ती आवाजाची जागा रिकामी राहते आणि ती आपण भरतो. हॉलमध्ये जे हसू ऐकू येतं ते त्याचं नसतं, आपलं असतं. पहिला तासभर आपण त्याला अगदी बिनधास्त आपला आवाज उसना देतो, कारण तो खरंच गमतीशीर आहे, थॉर्नटनला विनोदाचं टायमिंग जबरदस्त आहे. आणि मग बेडरूमचा सीन येतो.

ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल. अ‍ॅली नावाची सिएनाची मैत्रीण घरात एकटी, आर्ट येतो, आणि जे करतो ते मी सगळं इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की आपल्याला वाटतं झालं, संपलं, ती मेली, आणि तो खोलीबाहेर जातो. हॉलमध्ये लोकांनी श्वास सोडला, मला स्पष्ट ऐकू आलं. आणि तो परत येतो, हातात ब्लीच आणि मीठ घेऊन. ती जिवंत आहे. पुढे तिची आई घरी येऊन दार उघडते तेव्हाही ती जिवंत आहे. त्या सगळ्या वेळात आर्ट हसतच असतो, तेच खांदे, तेच पोट धरणं. आणि आमच्या हॉलमध्ये त्याच्या हसण्याला आता कुणी आवाज देईना. एक दोन पोरांनी सुरुवातीला हसायचा प्रयत्न केला तो घशातच राहिला. ज्या माणसाबरोबर आपण तासभर हसत होतो तो काय आहे हे तेव्हा कळतं, आणि नुसतं डोक्याला कळत नाही, अंगाला कळतं. पुढच्या रांगेतल्या काकूंनी पॉपकॉर्नचा टब खाली ठेवला आणि नवऱ्याचा हात धरला. आमचा दीर म्हणाला, "वहिनी, मी जरा बाहेर जाऊन येतो, तुम्ही बघा." मी बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम, आणि हात लावला तर गार.

मीही त्याच्या मागे गेले. लॉबीतल्या कोचावर त्याला आडवं केलं, पाय वर ठेवले, पाणी दिलं. पाचेक मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. त्याला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर लाज. "मला वाटलं नव्हतं असं होईल, मी काय घाबरलो नव्हतो," असं तो सारखं म्हणत होता. आणि मला वाटतं तो खरंच बोलत होता.

कारण रक्त बघून चक्कर येणं म्हणजे भित्रेपणा नाहीच. साप दिसला, उंचावरून खाली बघितलं, की हृदय धडधडतं, ब्लडप्रेशर वाढतं आणि वाढलेलंच राहतं, म्हणून सापाला घाबरून सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही, पळत सुटतो. रक्त, जखम आणि इंजेक्शन ह्यांच्या बाबतीत काहीजणांचं शरीर वेगळं वागतं. प्रेशर आधी थोडं वाढतं आणि मग धाडकन खाली येतं, व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला रक्त कमी पोचतं, माणूस आडवा. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीत येतं, रक्त पोचतं, शुद्ध येते. ह्याला व्हेसोव्हेगल म्हणतात. ह्यात धाडसाचा काही संबंध नाही, चांगले दणकट गडी रक्त तपासायला गेले की पडतात. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर उपाय शिकवला तोही अगदी साधा आहे, चक्कर येतेय असं वाटलं की हातापायांचे आणि पोटाचे स्नायू ताठ आवळून धरायचे, प्रेशर पडत नाही. हे मी दिराला नंतर सांगितलं. आता विचार करा, १३८ मिनिटांचा पिक्चर, कोंदट भरलेला हॉल, कुणी उपाशी आलेलं, कुणी दोन बिअर मारून आलेलं, आणि समोर लिओनीने जीव ओतून बनवलेल्या जखमा. लोक पडले ह्यात नवल ते काय!

तरी पुष्कळजण म्हणतात की ह्या बातम्या म्हणजे पब्लिसिटी स्टंट आहे. शंका यायला जागा आहे, मी मान्य करते, ह्या धंद्याचा इतिहासच तसा आहे. विल्यम कॅसल ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९५८ मध्ये 'मॅकाब्र'च्या प्रेक्षकांचा भीतीने मृत्यू झाल्यास हजार डॉलर्सचा विमा काढला होता, लंडनच्या लॉइड्सचा. आपल्याकडे २००८ मध्ये राम गोपाल वर्माने 'फूंक' थिएटरात एकट्याने बसून बघेल त्याला पाच लाख रुपये जाहीर केले होते. 'टेरिफायर २'च्या निर्मात्यांपैकी एकाने मात्र शपथेवर सांगितलं की हा मार्केटिंगचा डाव नाही, आणि लिओनीचं म्हणणं असं होतं की दोनचार लोक उठून गेले तर तो मानच समजेन, पण कुणी बेशुद्ध पडावं, कुणाला लागावं असं मला नको आहे. मला त्याचं पटतं. माझ्यासमोर जे झालं त्यात कुणी बातमीदार नव्हता.

सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "कसला सिनेमा होता गं, ह्याचं तोंड असं का उतरलंय?" मी म्हटलं, "भुताचा होता आई." त्या म्हणाल्या, "सणासुदीचं पैसे देऊन भिऊन यायचं! डोक्यावर परिणाम होतो असलं बघून." त्यांना माझी काळजी वाटते म्हणून म्हणतात, मी उलट बोलले नाही, पण मला २०२१ साली छापून आलेला एक अभ्यास सांगावासा वाटत होता. कोल्टन स्क्रिव्हनर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोरोनाच्या सुरुवातीला लोकांना प्रश्न विचारले तर हॉरर आवडीने बघणाऱ्यांनी त्या दिवसांत कमी मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यावरून फार उड्या मारण्यात अर्थ नाही, हॉररमुळे माणूस खंबीर होतो की खंबीर माणूस हॉरर बघतो हे त्यातून ठरत नाही. पण "बघणाऱ्यांना डॉक्टरकडे न्या" म्हणणाऱ्यांनी तो वाचावा. माझा स्वतःचा अनुभव एवढाच की भीतीबरोबर बसायची सवय कुठेतरी उपयोगी पडते. बाबा आयसीयूत होते तेव्हा मी त्या खोलीत बसू शकले आणि माझा भाऊ बसू शकला नाही, तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धीराचा आहे तरी.

आता उठून जाणाऱ्यांबद्दल. मला उठून जाणारा माणूस हा फार प्रामाणिक प्रेक्षक वाटतो. तो कुणाला थांबवत नाही, पिक्चर बंद करा म्हणत नाही, त्याच्यापुरतं ठरवतो. ह्याच्या उलट टोक म्हणजे सगळ्यांच्या वतीने ठरवणारा सेन्सॉर, आणि त्याचं उदाहरण 'ह्यूमन सेंटिपीड २'. तोही कमी पैशातला, तोही सीक्वेल, आणि गंमत म्हणजे त्यातला खुनी स्वतःच पहिल्या भागाचा प्रेक्षक आहे, लंडनच्या एका पार्किंगमध्ये नोकरी करणारा मार्टिन, जो पहिला पिक्चर बघून बघून तसंच, म्हणजे माणसांना एकमेकांना शिवून जोडायला, निघतो. म्हणजे दिग्दर्शक टॉम सिक्सने आरोप करणाऱ्यांचा आरोपच उचलून त्याची गोष्ट केली. ब्रिटनच्या सेन्सॉरने जून २०११ मध्ये त्याला सर्टिफिकेटच नाकारलं, मग ऑक्टोबरात ३२ कट मारून, अडीच मिनिटांहून जास्त कापून पास केला. मला तो पिक्चर आवडला नाही, अजिबात नाही. त्यात धरून ठेवायला माणूसच नाही, सगळेच मांसाचे गोळे. पण तो मला आवडला नाही हे मी बघून ठरवलंय, आणि हा हक्क मला सेन्सॉरच्या टेबलावर सोडायचा नाहीये.

पहिल्या 'टेरिफायर'ची तीच अडचण होती. २०१६ च्या त्या पिक्चरमध्ये एक करवतीचा सीन आहे, बाईला उलटी टांगून, आणि तो बघून बऱ्याच बायकांनी, माझ्यासारख्या हॉरर जन्मभर बघितलेल्या बायकांनी सुद्धा, पिक्चर बंद केला. ती कोण होती, तिला काय हवं होतं, काही कळत नाही. नुसतं शरीर. लोकांनी तेव्हा लिओनीला दोन गोष्टी सुनावल्या, गोष्ट नाही आणि माणसं नाहीत, आणि त्या त्याने ऐकल्या. हे मला त्याच्यात फार आवडतं. दुसऱ्या भागात त्याने सिएना आणली. लॉरेन लवेराने केलेली सिएना वारलेल्या बापाच्या चित्रवहीतल्या योद्धा बाईचा ड्रेस स्वतःच्या हाताने शिवते, पंख लावते, भावाला सांभाळते, आईशी भांडते. ती शेवटी मार खाऊन, भोसकून, बुडून परत उठते तेव्हा आमच्या हॉलमधली तीच पोरं, जी आर्टबरोबर हसत होती, ती सिएनासाठी ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. आर्टचं मुंडकं उडालं तेव्हा पुढच्या काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या. (आम्ही दीर सावरल्यावर परत आत गेलो होतो, त्याचाच हट्ट होता, शेवट बघायचाय म्हणून.) दोन तास अठरा मिनिटं ह्या असल्या पिक्चरला फार झाली असं समीक्षक म्हणाले, आणि मध्ये मलाही पाय मोकळे करावेसे वाटले, पण ती लांबी सिएनासाठी खर्च झालीय आणि त्या टाळ्या त्या लांबीने मिळवल्यात.

तरी बेडरूमच्या सीनबद्दल माझं भांडण आहे, आणि ते मिटलेलं नाही. मिठापर्यंत मी लिओनीबरोबर आहे. आर्टचं हसणं आपल्या तोंडातून काढून घ्यायला त्याला कुठेतरी आपल्याला मर्यादेपलीकडे न्यायचंच होतं. पण त्याच्यापुढेही सीन चालू राहतो, आई येईपर्यंत, आणि तिथे मला असं वाटलं की आता हे माझ्यासाठी नाही, हे त्याच्या स्वतःच्या रबरकामाच्या प्रेमासाठी चाललंय. अ‍ॅली ही सिएनाची मैत्रीण, थोडी ओळख झालेली मुलगी, म्हणजे करवतीच्या बाईपेक्षा जास्त माणूस, आणि तरीही शेवटी ती पुन्हा नुसतं शरीर होते. केसी हार्टनेटने ते काम जीव तोडून केलंय, तासन् तास अंगावर ते सगळं चिकटवून घेऊन, आणि तिच्या अभिनयामुळेच ते सोसवत नाही. मला जखम कापायला नको होती. मला कॅमेरा तिच्या डोळ्यांवर थोडा जास्त हवा होता.

२०२४ च्या ऑक्टोबरात तिसरा भाग आला, वीस लाख डॉलर्समध्ये बनवलेला, आणि त्याने पहिल्याच वीकेंडला 'जोकर'च्या सीक्वेलला नंबर एकवरून खाली ओढलं. फ्रान्समध्ये अठराच्या खालच्यांना बंदी. पुन्हा बातम्या, पुन्हा तेच भांडण. सुरुवातीलाच सांताच्या कपड्यातला आर्ट एका घरात शिरतो, त्या घरात लहान मुलं आहेत, आणि इथे मात्र लिओनीने बरंचसं दाखवायचं टाळलंय, आवाजावर आणि अंधारावर सोडलंय. म्हणजे कुठे थांबायचं ते त्याला येतं! मग अ‍ॅलीच्या वेळी का नाही थांबला? हा प्रश्न मी दिराशी बोलताना काढला तर तो म्हणाला, "वहिनी, मुलांचं दाखवलं असतं तर लोकांनी खुर्च्या तोडल्या असत्या, मुलीचं दाखवलं की नुसतेच बाहेर जातात." त्याच्या ह्या बोलण्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. चौथा येणार आहे असं लिओनीने सांगितलंय. मी जाणार, पहिल्या आठवड्यातच जाणार, आणि त्याने तिथे कुणाचं शरीर किती वेळ दाखवलं हे मी घड्याळ लावून बघणार आहे.